छोटे ट्रॅक्टर जमवायचे तर: निवड, पारख आणि ऑनलाइन खरेदी-विक्री

ट्रॅक्टरची मॉडेलं जमवण्याचा नाद लागला की माणूस सुरुवातीला दिसेल ते घेत सुटतो. लाल रंग आवडला, घ्या. स्वस्त मिळतोय, घ्या. मग कधीतरी सगळे एका फळीवर मांडले की लक्षात येतं, एक ट्रॅक्टर दुसऱ्याच्या चाकाएवढाच आहे. म्हणून पैसे काढण्याआधी दोन गोष्टी ठरवून टाका: माप आणि विषय.

माप

1:32 म्हणजे खऱ्या ट्रॅक्टरच्या लांबीचा बत्तिसावा भाग. मॅसी फर्ग्युसन 35 हा खरा ट्रॅक्टर सुमारे तीन मीटर लांब आहे. तो 1:32 मध्ये नऊ-साडेनऊ सेंटिमीटर भरतो, 1:16 मध्ये त्याच्या दुप्पट आणि 1:64 मध्ये पाच सेंटिमीटरच्याही आत.

ब्रिटन आणि युरोपात 1:32 चं राज्य आहे. ब्रिटन्स ही कंपनी 1893 पासून शिशाचे पोकळ सैनिक ओतायची. पहिल्या महायुद्धानंतर ती शेतावरची माणसं आणि जनावरं बनवू लागली आणि 1948 मध्ये तिचा फोर्डसन मेजर ट्रॅक्टर आला. सैनिकांची उंची 54 मिलिमीटर, तिला जुळणारं माप 1:32. तेच पुढे रूढ झालं. युनिव्हर्सल हॉबीज आणि जर्मनीची सिकू यांचेही बहुतेक ट्रॅक्टर याच मापात मिळतात.

अमेरिकेत मात्र 1:16 आणि 1:64 चालतात. तिथे फ्रेड अर्टल यांनी 1945 मध्ये आयोवातल्या डब्यूक गावी घराच्या तळघरात ॲल्युमिनियम वितळवून ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. 1959 मध्ये कंपनी शेजारच्या डायर्सव्हिलला गेली. त्या गावात आज शेती-खेळण्यांचं संग्रहालय आहे आणि दर नोव्हेंबरला मोठं प्रदर्शन भरतं.

भारतात राहून जमवणाऱ्याने 1:32 घ्यावं, असं माझं मत. 1:16 दिसायला देखणं असतं, पण डब्यासकट किलोच्या वर जातं आणि टपालखर्च कधी कधी मॉडेलच्या किमतीला भारी पडतो.

विषय

एकच कंपनी, एकच काळ, नाहीतर एकच घराणं. घरच्या शेतात जो ट्रॅक्टर होता तिथून सुरुवात करणं सगळ्यांत सोपं, कारण त्याचा नट न् नट तुम्हाला माहीत असतो. आपल्याकडे मॅसी 1035 पुष्कळांनी चालवलेला असतो. चेन्नईच्या टॅफेने (स्थापना 1960) आणलेला हा ट्रॅक्टर त्या जुन्या 35 च्याच वंशातला. या घराण्याची मॉडेलं परदेशात भरपूर निघाली आहेत आणि त्यांतले फरक नुसत्या डोळ्यांना दिसतात. 1956 चा मूळ फर्ग्युसन 35 राखाडी पत्र्याचा आणि सोनेरी-तांबूस इंजिनाचा. 1957 च्या अखेरीस तोच लाल-राखाडी झाला. 1962 मध्ये 35 एक्स आला. 1964 च्या शेवटी 135 आला आणि गोलसर बोनेट जाऊन चौकोनी बोनेट आलं. जाहिरातीत ‘मॅसी 35’ लिहून चौकोनी बोनेटचा फोटो टाकणारे विक्रेते रोज भेटतात. फसवायचा हेतू असतोच असं नाही, बहुतेकांना फरकच ठाऊक नसतो.

स्वराज, महिंद्रा, आयशर यांची कारखान्यात बनलेली मापशीर डायकास्ट (साच्यात धातू ओतून केलेली) मॉडेलं फारशी हाती लागत नाहीत. सेंटीसारख्या कंपन्यांचे प्लास्टिकचे ट्रॅक्टर-ट्रॉली मुलांसाठी असतात, मापाला काटेकोर नसतात. ती पोकळी हाताने बनवणारे कारागीर भरून काढतात. पंजाबात आणि आपल्याकडेही पत्रा, पीव्हीसी पाइप, फोमशीट वापरून स्वराज 855 किंवा महिंद्रा 575 हुबेहूब उभा करणारी मुलं आहेत आणि ती इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेतात. असा ट्रॅक्टर घेताना माप विचारून घ्या आणि खाली, तळाला, बनवणाऱ्याला नाव आणि साल लिहायला सांगा. उद्या विकायची वेळ आली तर त्या एका ओळीला किंमत असेल.

फोटोवरून पारख

इथे घाई करायची नाही. विक्रेत्याने एकच फोटो टाकला असेल, तोही समोरून, तर किमान चार आणखी मागा: दोन्ही बाजू, मागून हूक आणि हायड्रॉलिकचे दांडे दिसतील असा, आणि पोटाकडून. पोटाकडचा फोटो सगळ्यांत जास्त बोलतो. कंपनीचं नाव, देश, कधी कधी क्रमांकही तिथेच कोरलेला असतो. जुन्या मॉडेलचा तळ रिबेट ठोकून बसवलेला असतो. रिबेटच्या जागी स्क्रू दिसला, किंवा रिबेटचं डोकंही बॉडीच्याच रंगात रंगलेलं दिसलं, तर गाडी कुणीतरी खोलून पुन्हा रंगवलेली आहे असं धरून चाला. कोरलेल्या अक्षरांच्या कडा रंगाने बुजल्या असतील तर शंका आणखी पक्की. रंगवलेलं मॉडेल वाईट नसतं, पण त्याला मूळ रंगाचा भाव द्यायचा नाही.

मग बारीक सामान मोजा. स्टिअरिंग, सायलेन्सरचा उभा नळ, आरसे, ड्रायव्हर: आधी मोडतं ते हेच. जुन्या ब्रिटन्स आणि डिंकी (हीसुद्धा जुनी ब्रिटिश खेळणी) ट्रॅक्टरांसाठी नवे ड्रायव्हर, टायर, स्टिकर, एवढंच काय, नवे छापलेले खोकेही उघडपणे विकायला असतात. विक्रेत्याने स्वतःहून सांगितलं तर ठीक. नसेल सांगितलं तर थेट विचारा, ‘सगळे भाग मूळचे आहेत का?’ आणि उत्तर लेखी ठेवा.

धातूला एक रोग होतो. जुनं ओतकाम जस्ताच्या मिश्रधातूचं असायचं. त्यात शिशासारखी भेसळ गेली असेल तर वर्षानुवर्षांनी धातू आतून फुगतो. आधी केसासारख्या चिरा दिसतात, मग एखादा सांधा वाकडा होतो, शेवटी तुकडे पडतात. दमट हवेत हे लवकर होतं आणि यावर इलाज नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या मॉडेलांत याचं प्रमाण बरंच आहे, म्हणून त्या काळातलं काही घेताना पुढचा ॲक्सल आणि चाकं फोटो मोठा करून बघा. शेजारी टायर आणि रिमही तपासा: मऊ टायर वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या रिमला टेकून राहिला की ते प्लास्टिक वितळल्यासारखं होतं.

भाव

मागितलेल्या किमतीकडे बघून काही कळत नाही. ईबे या लिलाव-विक्रीच्या साइटवर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ एवढ्याच दाखवणारी गाळणी (फिल्टर) आहे, ती लावा आणि त्याच मॉडेलचे गेल्या काही आठवड्यांतले सौदे बघा. खोक्यासकट वेगळे, खोक्याशिवाय वेगळे, मोडके वेगळे. त्यातून जो आकडा पुन्हा पुन्हा दिसतो तो तुमचा भाव. नवं, साधं 1:32 मॉडेल ब्रिटनमध्ये साधारण 20 ते 40 पौंडांत मिळतं, त्याहून महाग मागत असतील तर कारण विचारायला हवं. ‘लिमिटेड एडिशन’ हे कारण मला पुरेसं वाटत नाही. किती नग काढले ते बरेचदा खोक्यावर छापलेलं असतं, ते वाचा. पाच हजार नगांच्या मॉडेलला दुर्मीळ म्हणायला मी तयार नाही.

लिलावात आपली वरची मर्यादा आधी ठरवा, ती एकदाच भरा आणि बाजूला व्हा. यंत्रणा तुमच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवते. शोधताना नेमक्या नावासोबत मोघम शब्दही टाका. घरातली अडगळ काढणाऱ्याला कंपनी माहीत नसते, तो नुसतं ‘जुना खेळण्यातला ट्रॅक्टर’ लिहितो आणि जाणकारांच्या नजरेतून ती जाहिरात निसटते.

परदेशातून मागवताना

खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क भारतात 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेलं. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का लागतो. संग्राहकांसाठीच्या मॉडेलवर ‘हे खेळणं नाही, 14 वर्षांवरील व्यक्तींसाठी’ असं छापलेलं असतं, पण पार्सल कोणत्या वर्गात धरायचं हे सीमाशुल्क खातं ठरवतं. त्यामुळे मॉडेल, टपाल आणि शुल्क मिळून काय पडेल याचा हिशेब बोली लावायच्या आधी करा. किंमत कमी दाखवा असं विक्रेत्याला सांगू नका. पार्सल अडकलं किंवा हरवलं तर भरपाईही त्याच कमी किमतीवर मिळेल. इंग्लंड-अमेरिकेत भाऊ, बहीण, मित्र असेल तर त्याच्या पत्त्यावर मागवून तो येताना आणायला सांगणं हा रुळलेला मार्ग आहे. सामानाची शुल्कमुक्त मर्यादा मात्र त्यालाही लागू आहेच.

देशात घेताना-विकताना

ओएलएक्स आणि फेसबुकच्या गटांवर एक ठरलेली फसवणूक चालते. समोरचा भाव न पाडता लगेच हो म्हणतो, बरेचदा सैन्यात असल्याचं सांगतो आणि ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. महागडी वस्तू शक्यतो प्रत्यक्ष भेटून घ्या. पार्सलने आली तर टेप कापण्याआधीपासून अखंड व्हिडिओ काढा.

विकायला काढताना दिवसाच्या उजेडात, साध्या पांढऱ्या किंवा राखाडी कागदावर फोटो काढा, फ्लॅश नको. शेजारी मोजपट्टी ठेवा. ओरखडा असेल तिथे जवळून फोटो घ्या आणि वर्णनात पहिल्याच ओळीत तो सांगा. तक्रारी बहुतेक न सांगितलेल्या गोष्टींच्याच येतात. मॉडेल कधी रंगवलं असेल, टायर बदलले असतील, तेही लिहा.

जपून ठेवलेला मालच विकताना भाव खातो, त्यामुळे साठवण आलीच. बंद काचेचं कपाट, थेट ऊन नको, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या. कपड्यांच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या इथे ठेवू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात. बबल रॅपमध्ये गुंडाळून वर्षभर ठेवलं तर फुग्यांचे गोल डाग रंगावर उमटतात, म्हणून आधी साधा मऊ कागद.

नवी मॉडेलं खोक्यात खालून दोन स्क्रूंनी घट्ट बसवलेली असतात. ते स्क्रू छोट्या पिशवीत घालून त्याच खोक्यात ठेवा. पाठवताना ट्रॅक्टर पुन्हा तसाच आवळून बसवला की ॲक्सलवर भार येत नाही. आरसे आणि सायलेन्सरभोवती कागदाचा सैल बोळा ठेवा, वरून दाबू नका. मग मूळ खोकं दुसऱ्या, मोठ्या खोक्यात, चारही बाजूंनी बोटभर तरी भरण घालून. स्पीड पोस्टने पाठवलंत तर विमा उतरवा आणि पावतीचा फोटो त्याच दिवशी घेणाऱ्याला पाठवा.