बाळाला क्लबफूट आहे असं कळलं तर काय काय करायचं

माझा मुलगा आता साडेपाच वर्षांचा आहे, दोन्ही पायांना क्लबफूट होता, म्हणजे जन्मतःच पावलं आत वळलेली, आणि गेल्या वर्षी पाय परत वळू नयेत म्हणून घालायचे त्याचे रात्रीचे बूट कायमचे सुटले. तेव्हापासून ओळखीतून फोन येत असतात, कुणाच्या नणंदेचं बाळ, कुणाच्या ऑफिसातल्या मुलीचं, आणि मी प्रत्येकीला तेच सांगत असते म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, आई आहे. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐकायचं.

आधी हे डोक्यातून काढा की तुमच्यामुळे झालं. ग्रहणात भाजी चिरली, पाय आखडून झोपली, जिने चढली, यातलं काहीही कारण नाही. साधारण हजारात एका बाळाला क्लबफूट असतो, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जवळपास दुप्पट, आणि निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. घरात आधी कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते, पण बहुतेक वेळा ठोस कारण सापडतच नाही. माझ्या सासूबाई ग्रहणाचं बोलल्या होत्या तेव्हा मी रात्रभर रडले होते, नंतर त्यांनीच चार वर्षं नातवाचे बूट बांधले, त्यामुळे घरातल्यांवर लगेच राग धरू नका, त्यांनाही कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं असतं. दुसऱ्या व्हिजिटला आजीला सोबत न्या आणि डॉक्टरांनाच सांगू द्या.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत, म्हणजे १८ ते २० आठवड्यांच्या स्कॅनला कळलं असेल तर एकच प्रश्न महत्त्वाचा, बाकी सगळं ठीक आहे का. मणका, मेंदू, हृदय, हात नीट बघितलेत का हे स्पष्ट विचारा, कारण काही बाळांमध्ये क्लबफूट दुसऱ्या एखाद्या आजाराचा भाग असतो आणि मग पुढच्या तपासण्या लागतात. फक्त पायच वळलेला असेल तर तो बरा होणारा प्रकार आहे. किती वाकडा आहे ते पोटात नीट सांगता येत नाही, कधीकधी जन्मल्यावर पाय चक्क सरळ निघतो, म्हणून फोटो बघत बसू नका. त्या वेळात डॉक्टर शोधून ठेवा.

जन्मल्यावर कळलं तर ओळखायचं असं की पाऊल आत वळलेलं, तळवा आत किंवा वरच्या बाजूला बघतोय, टाच वर ओढलेली आणि छोटीशी, तळव्याला मध्येच खोल घडी. बाळाला हे दुखत नाही. काही बाळांचा पाय पोटातल्या अवघडलेल्या जागेमुळे नुसता वळलेला असतो, तो हाताने हलकेच धरला तर सहज सरळ होतो, खरा क्लबफूट असा सरळ होत नाही. पण हे घरी ठरवायचं नाही, ऑर्थोच्या डॉक्टरांना ठरवू द्या, आणि तिथेच बाळाचे खुबे आणि पाठ पण तपासून घ्या.

आणि मालिश! मालिशवाल्या मावशी म्हणतील मी महिन्याभरात सरळ करून देते. अंगाला तेल लावा, शेक द्या, पण त्या पावलाला ओढून दाबून सरळ करू देऊ नका, बाळाची हाडं अजून कूर्चेची असतात, मऊ असतात, चुकीचा जोर लागला तर आकार बिघडतो. आम्हाला पहिल्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं की मालिश करा, होईल नीट, आणि त्यात आमचे तीन आठवडे गेले. जन्मल्यावर एक-दोन आठवड्यांत उपचार सुरू झालेले चांगले. मध्यरात्री धावपळ करण्यासारखी इमर्जन्सी मात्र नाही, बाळंतीण उठून बसू दे, बाळ दूध ओढू दे, मग जा. उशीर झाला असेल, मूल वर्षाचं दोन वर्षांचं झालं असेल, तरी जा, तेव्हाही प्लास्टरने होतं, वेळ जास्त लागतो एवढंच.

डॉक्टर कसे निवडायचे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हॉस्पिटल किती मोठं, फी किती, याने काही ठरत नाही. विचारायचं की तुम्ही पोन्सेटी पद्धतीने, म्हणजे मोठं ऑपरेशन न करता दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ करण्याच्या पद्धतीने, करता का, दर आठवड्याला किती बाळांना प्लास्टर घालता, बूट कुठून मिळतात आणि पुढे किती वर्षं बघता. प्लास्टर बोटांपासून पार मांडीपर्यंत असायला हवं, गुडघा वाकवून. गुडघ्याखालचं छोटं प्लास्टर घालत असतील किंवा पहिल्याच भेटीत मोठ्या ऑपरेशनची तारीख देत असतील तर दुसरीकडे दाखवा. इग्नासिओ पोन्सेटी हे मूळचे स्पेनचे डॉक्टर, अमेरिकेत आयोवा विद्यापीठात होते, त्यांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत बसवायला घेतली आणि १९६३ मध्ये पेपर छापला, तरी पुढची तीसेक वर्षं जगभर बाळांचे पाय मोठमोठी ऑपरेशनं करूनच सरळ केले जात होते आणि त्यातले बरेच पाय मोठेपणी आखडले, दुखायला लागले. शेवटी १९९०च्या दशकात इंटरनेटवरच्या आईबापांनी एकमेकांना सांगून सांगून ही पद्धत पसरवली. मला हे वाचून फार बळ आलं होतं.

पैशाची अडचण असेल तर थांबू नका. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ पासून आहे, क्लबफूट यादीतच आहे. आशाताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा, तिथे लहान मुलांसाठी डीईआयसी म्हणून विभाग असतो. बऱ्याच सरकारी मेडिकल कॉलेजांत आठवड्यातला एक वार क्लबफूटचा ठरलेला असतो, क्योर इंडिया नावाची संस्था अशा सरकारी हॉस्पिटलांबरोबर काम करत आली आहे, तिथे बूटसुद्धा फुकट मिळायचे. खरा खर्च एसटीचा आणि बुडालेल्या रोजाचा असतो, म्हणून दर आठवड्याला जाणं जमेल असंच ठिकाण निवडा, नाव मोठं पण सहा तास लांब असं नको.

आता प्लास्टर. दर आठवड्याला डॉक्टर पाऊल हाताने हळूहळू थोडं बाहेरच्या दिशेला वळवतात आणि तिथेच प्लास्टर घालून धरतात, पुढच्या आठवड्यात काढून आणखी थोडं. असे साधारण पाच ते सात होतात. आधी तळव्याची खोल कमान सरळ करतात, मग पाऊल बाहेर, टाच सगळ्यात शेवटी, त्यामुळे तिसऱ्या प्लास्टरला टाच अजून वरच दिसली तर घाबरू नका. त्या दिवशी बाळाला थोडं भुकेलं न्या आणि प्लास्टर घालताना दूध पाजा, शांत बाळाचा पाय सैल राहतो. जुनं प्लास्टर आदल्या रात्री घरी भिजवून काढू नका, कितीही आंघोळ घालावीशी वाटली तरी, रात्रीतून पाय मागे फिरायला लागतो. क्लिनिकमध्येच काढायचं.

घरी आल्यावर पहिला दिवस पूर्ण सुकेपर्यंत पायाखाली मऊ उशी. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा, शेगडीजवळ अजिबात नको. आंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. लंगोटापेक्षा डायपर बरा, आणि तो प्लास्टरच्या वरच्या काठाच्या आत जाऊ द्यायचा नाही, बाहेरच बांधायचा, नाहीतर शू आत उतरते. पाजताना प्लास्टरचं वजन खाली लोंबकळू देऊ नका, उशीवर टेकवा. आमचं बारसं दोन प्लास्टरांसकट झालं, झबल्याखालून पांढरे पाय बाहेर, आणि फोटो छान आलेत.

बोटं मात्र दिवसातून चार-पाच वेळा बघायची. गुलाबी आणि ऊबदार हवीत, हलकेच दाबलं की पांढरी होऊन लगेच परत गुलाबी व्हायला हवीत. निळी-काळी पडली, थंड लागली, सुजली, बाळ कशानेच थांबत नाही असं रडतंय, प्लास्टरमधून घाण वास येतोय, ताप आलाय, तर फोन करून वाट बघत बसायचं नाही, थेट जायचं, रात्र असली तरी. आणि बोटं आत जायला लागली म्हणजे प्लास्टर खाली सरकलंय, ते तसंच ठेवलं तर पाय आणखी बिघडतो, तेही त्याच दिवशी काढून घ्यायचं. बोटांचे प्लास्टरबाहेरचे फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा, तुलना करता येते.

दहातल्या आठ-नऊ बाळांना शेवटी टाचेची शीर कापावी लागते, म्हणजे रक्ताची शीर नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा जाड दोर. ऐकून माझे हातपाय गार पडले होते. प्रत्यक्षात टाचेच्या वर बारीक ब्लेडने छोटासा छेद असतो, टाकासुद्धा लागत नाही, लहान बाळांना पुष्कळ ठिकाणी फक्त जागा बधिर करून ओपीडीतच करतात. मग तीन आठवडे प्लास्टर, तेवढ्यात शीर लांब होऊन परत जुळून येते. प्लास्टरवर रक्ताचा छोटा डाग दिसू शकतो, त्याच्याभोवती पेनाने गोल करा, डाग गोलाबाहेर वाढत गेला तर डॉक्टरांना कळवा.

इथपर्यंत सगळे येतात. हे प्लास्टर निघालं की पाय इतका सुंदर सरळ दिसतो की झालं एकदाचं असं वाटतं आणि खरी चूक तिथून पुढे होते. पाय परत वळायला बघतच असतो, आणि तो परत वाकडा होण्याचं सगळ्यात मोठं कारण बूट न घालणं हेच आहे. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, त्यानंतर रात्री आणि झोपेत मिळून १२ ते १४ तास, आणि मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. हो, चार-पाच वर्षं. हे मला कुणी पहिल्या दिवशीच बसवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून मी सगळ्यांना हेच आधी सांगते.

बूट म्हणजे दोन बूट आणि मध्ये दांडी. क्लबफूटचा पाय ६० ते ७० अंश बाहेर, एकाच पायाला क्लबफूट असेल तर चांगला पाय ३० ते ४० अंश, आणि दांडी साधारण बाळाच्या खांद्यांइतकी रुंद. बघायला भयंकर वाटतं पण दुखत नाही. घालताना आधी सुती मोजा, सुरकुती न ठेवता. गुडघा वाकवून टाच बुटात पार खाली मागे बसवायची, मग आधी मधला पट्टा घट्ट, बाकीचे नंतर. टाच बसलीय की नाही ते बुटाच्या मागच्या भोकातून दिसतं. बरोबर बसलं त्या पट्ट्याच्या भोकाला पेनाने खूण करा म्हणजे घरात कुणीही घातले तरी सारखेच बसतील. दांडीला जुन्या साडीची चिंधी किंवा फोम गुंडाळा, नाहीतर पाळण्याला आणि तुमच्या बरगड्यांना मार बसतो.

पहिल्या दोन-तीन रात्री रडारड होते, बाळाला एकेक पाय वेगळा झाडायची सवय असते. दोन्ही पाय एकदम मुडपायचे आणि ताणायचे हे तुम्ही दांडी धरून खेळत खेळत शिकवा, जमलं की रडणं थांबतं. रडतंय म्हणून काढू नका, कारण रडलं की सुटतं हे बाळाला फार लवकर कळतं. सुरुवातीला थोडा लालसरपणा येतो, अर्ध्या तासात जात असेल तर चालतं. फोड आला, कातडी सोलली तर मात्र दाखवा, क्रीम लावू नका, कातडी आणखी मऊ पडते. पाय सारखा बुटातून निसटत असेल तर पट्टे आवळत बसू नका, टाच नीट बसत नाहीये किंवा पाय थोडा मागे गेलाय, डॉक्टरांना दाखवा. बोटं बुटाच्या काठाबाहेर वळायला लागली की बूट बदलायची वेळ.

आमचं काय झालं तेही सांगते. मुलगा अडीच वर्षांचा असताना घरात लग्न होतं, गावी दोन आठवडे, पाहुण्यांनी भरलेलं घर, एक रात्र राहिले, दुसरी राहिले, मग कुणी घातलेच नाहीत. परत आल्यावर डाव्या पायाची टाच बुटात बसेना. परत तीन प्लास्टर घालावे लागले, चालत्या मुलाला. त्याला ते आठवत नाही, मला आठवतं. म्हणून आजी, मावशी, पाळणाघरातल्या ताई, सगळ्यांना बूट घालायला शिकवा, दात घासणं आणि बूट हे एकाच दमात होऊ द्या, आणि एक रात्रसुद्धा सुट्टी देऊ नका. परत वाकडा झालाच तर इलाज आहे, पुन्हा प्लास्टर, आणि तीन-चार वर्षांनंतर गरज पडली तर पावलावरची एक शीर जागा बदलून लावण्याचं ऑपरेशन.

मूल चालेल का, तर हो, साधारण वर्षाच्या आसपास, एखाद-दोन महिने उशिरा. ज्या बाजूला क्लबफूट त्या पायाची पोटरी थोडी बारीक आणि पाऊल थोडं छोटं राहतं, तो उपचारातला दोष नाही. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचं सुवर्णपदक जिंकणारी क्रिस्टी यामागुची क्लबफूट घेऊनच जन्मली होती, हे मी सासूबाईंना व्हिडिओ दाखवून सांगितलं होतं.

बूट सुटले तरी वर्षातून एकदा दाखवत राहा, आणि मधल्या काळात घरी एक साधी गोष्ट बघायची: मुलाला टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसता येतंय ना. चप्पल एकाच बाजूने, बाहेरच्या काठावर झिजतेय का तेही बघा. टाच उचलली जायला लागली किंवा चप्पल तशी झिजलेली दिसली, तर पुढच्या वर्षाच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा.