वाट चुकलेल्या मुलांच्या निसर्गशिबिराची दिनचर्या
कोकण किनाऱ्यावर वाईट वळणाला लागलेल्या मुलांचे शिबिर घेताना दिवसाची आखणी भरती-ओहोटी पाहून करावी. ती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येत असल्याने वेळापत्रक मुलांनीच दररोज नव्याने लिहावे, म्हणजे हुकूम सोडणारा कोणी उरत नाही. सकाळची चूल त्यांनाच पेटवू द्यावी: नारळाच्या सोडणाचे तंतू सुटे करून हळू फुंकर घालताना डोळे चुरचुरले, पेजेला उशीर झाला, तरी मोठ्यांनी काडेपेटी हिसकावून घेऊ नये. (उपाशीपोटी उपदेश मात्र टाळावा.) दुपारी विश्रांती. संध्याकाळी सुरूच्या बनात समुपदेशकाने एकेकाशी बोलावे. जेवण, झोप किंवा घरचा फोन शिक्षा म्हणून कधीही बंद करू नये. स्वतःला इजा करण्याची भाषा कानी आल्यास मुलाला एकटे न सोडता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच संपर्क साधावा.