चैत्र-वैशाखात घरातले नेचे कसे जगवावेत

होळी झाली की पुणे, नाशिक, नागपूर या कोरड्या पट्ट्यातून एकच तक्रार येते: नेच्याला, म्हणजे फर्नला, रोज पाणी घालतो, तरी पानं करपतात. मग पाणी आणखी वाढवलं जातं आणि काही दिवसांत कुंडीतून कुबट वास येऊ लागतो. पानांची टोकं करपतात ती बहुतेक वेळा कोरड्या हवेमुळे, आणि वाढीव पाण्याने खाली मुळं कुजतात. म्हणून या दिवसांत आधी जागा बदला, पाण्याचं नंतर बघू.

पूर्वेची खिडकी उत्तम. तिथे सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं मात्र पडद्याआडूनच. कुंडी पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात नको. पसरट ताटलीत खडे घालून त्यांच्या खाली राहील एवढंच पाणी भरा आणि कुंडी खड्यांवर ठेवा, बूड पाण्याला टेकू देऊ नका. चार-पाच कुंड्या जवळजवळ ठेवल्या की त्यांच्यात ओलावा जरा टिकतो. पानांवर पाणी फवारायची अनेकांना सवय असते, पण त्या ओलाव्याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो.

हंसराज यात सगळ्यात नाजूक. जुन्या विहिरीच्या आत, दगडांच्या सांध्यात, काळ्या तारेसारख्या देठांवर झुलणारी त्याची पानं तुम्ही पाहिली असतील. त्याला घरातही तशीच गार, ओलसर जागा हवी. स्वयंपाकघरात मातीचा माठ असेल आणि तिथे उजेड येत असेल, तर त्याच्या शेजारी ठेवून बघा. एखाद्या दिवशी पाणी चुकलं आणि हंसराज कागदासारखा वाळला, तरी लगेच फेकू नका. सगळे देठ मातीलगत कापा, माती ओलसर ठेवा. मूळ जिवंत असेल तर काही आठवड्यांत विंचवाच्या नांगीसारखे वळलेले कोंब वर येतात.

पाणी सकाळी द्या, तेही बोट पेरभर मातीत खुपसून पाहिल्यावर. वरचा थर सुकू लागला असेल तर खालच्या भोकातून निथळेपर्यंत घाला आणि ताटलीत खड्यांच्या वर साचलेलं पाणी ओतून टाका. बर्ड्स नेस्ट फर्नच्या मधल्या पेल्यात पाणी ओतू नका, कोंब कुजतो. आरओचं वाया जाणारं पाणी नेच्यांना बिलकूल नको, कारण त्यात क्षार साठलेले असतात. बोअरच्या पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर धरत असेल, तर तेही थांबवा. एसीच्या नळीचं पाणी साठवून वापरलं तरी चालतं.

बोस्टन फर्नच्या पानामागे तपकिरी ठिपके दिसले की पुष्कळजण कीड समजून औषध मारतात. नखाने खरवडून पाहा. ठिपके ओळीत, सारख्या अंतरावर असतील आणि बारीक भुकटी निघत असेल तर ते बीजाणू आहेत, झाड ठणठणीत आहे. ठिपके देठावरही वेडेवाकडे पसरले असतील, खवल्यासारखे सुटत असतील आणि पानाला चिकटा असेल तर ती खवले कीड. जास्त लागलेली पानं कापा, बाकीची साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. तीव्र कीटकनाशक नेच्यांच्या पानांना सोसत नाही.

खत आत्ता नको. कुंडी बदलायची घाईही नको. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. हवा दमट झाली की हंसराज किंवा बोस्टन फर्नचा गड्डा सोडवून दोन-तीन भाग करा. नर्सरीतून येणारी चिकट लाल माती हलक्या हाताने झाडा. दोन भाग कोकोपीट, दोन भाग कुजलेला पालापाचोळा आणि एक भाग विटांचे बारीक तुकडे एवढं मिश्रण पुरतं. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुवून घ्या.

आणि पावसाळ्यात माथेरान-महाबळेश्वरला गेलात, तर दगडांवरचे नेचे उपटून आणू नका, ही कळकळीची विनंती. घाटातल्या धुक्यावर वाढलेला नेचा फ्लॅटमध्ये सहसा जगत नाही. नर्सरीत वाढलेलं रोप घ्या, त्याला कुंडीची सवय असते.