नवा सायकल कॉम्प्युटर शून्य वेग दाखवत असेल तर

सायकलवर नवीन सायकल कॉम्प्युटर बसवला, पडदा सुरू झाला, पण चाक फिरूनही वेगाचा आकडा शून्यावरच राहिला, तर उपकरण परत करण्याआधी पुढचे चाक जमिनीपासून उचलून हाताने फिरवावे आणि स्पोकवरचे चुंबक फोर्कवरच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यावरच्या) सेन्सरसमोरून कसे जाते ते नीट पाहावे. बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो.

१. चुंबक सेन्सरवरील खुणेच्या अगदी समोरून जायला हवे. ते वर-खाली असेल तर स्पोकवर सरकवून घ्यावे.

२. दोहोंमधले अंतर साधारण २ ते ३ मिलिमीटर ठेवावे. अंतर जास्त राहत असेल, तर सेन्सरखाली रबराची पट्टी घालावी किंवा सेन्सर चाकाकडे किंचित वळवावा.

३. तरीही आकडा येत नसेल, तर वायर असलेल्या उपकरणात हँडलवरच्या बैठकीतील धातूचे संपर्कबिंदू कोरड्या कापडाने पुसावेत, आणि वायरलेस उपकरणात सेन्सरमधील सेल योग्य बाजूने बसला आहे का ते पाहावे.

वेग दिसतो पण चुकीचा वाटतो, तेव्हा उपकरणात भरलेली चाकाच्या परिघाची नोंद तपासावी. ७००×२५ मापाच्या टायरसाठी ती सुमारे २१०५ मिलिमीटर असते. मात्र आपण सायकलवर बसलेले असताना चाकाचा एक पूर्ण फेरा जमिनीवर मोजून घेणे मला अधिक विश्वासार्ह वाटते.

चुंबकाचा स्क्रू घट्ट करायला विसरू नये, कारण सैल चुंबक घसरून सेन्सरवर आदळू शकते; तसेच कोणतीही जुळणी चाक पूर्ण थांबल्यावरच करावी.