जुन्या गाडीचं वय काढायला शिकताय? नंबर ओतलेला आहे की ठोकलेला ते आधी बघा

चॅसी नंबर म्हणजे काय, इंजिन नंबर म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितेय. रिस्टोरेशन (जुनी गाडी मूळ रूपात आणणं) किंवा व्हॅल्युएशनच्या (तिची किंमत ठरवण्याच्या) कामात नुकतेच आलेल्या लोकांसाठी हे आहे, कारण सुरुवातीचे काही महिने या कामात नुसता गोंधळ असतो आणि कोणी शेजारी बसवून नीट सांगत नाही, मला तरी कोणी सांगितलं नव्हतं, आणि तेव्हाची ती तडफड अजून डोक्यातून गेलेली नाही.

तर पहिली गोष्ट. इंजिनवर दिसणारा सगळ्यात मोठा, सगळ्यात ठळक, वाचायला सगळ्यात सोपा नंबर हा बहुतेक वेळा गाडीचा नंबर नसतोच. मी यातच अडकले होते म्हणून यावर जरा जास्त लिहिणार आहे, कंटाळू नका.

इंजिनचा लोखंडी ब्लॉक, म्हणजे त्याचं मुख्य धड, साच्यात ओततात तेव्हा साच्यातच काही अंक-अक्षरं असतात, ती ब्लॉकवर उठून येतात. बोट फिरवलं की हाताला उंचवटा लागतो. हा कास्टिंग नंबर. तो त्या डिझाइनचा नंबर आहे, त्या एका ब्लॉकचा नाही, म्हणजे त्याच साच्यातून निघालेल्या हजारो ब्लॉकवर तोच नंबर असणार. आणि गाडीची किंवा इंजिनची स्वतःची ओळख असलेला नंबर हा पंचने ठोकलेला असतो, तो धातूत आत गेलेला असतो, बोटाला खड्डा लागतो, बऱ्याचदा छोटा असतो आणि ग्रीसच्या थराखाली लपलेला असतो. नवीन माणूस ठळक नंबर लिहून घेतो, फोटो काढतो, पुस्तकातल्या यादीत शोधत बसतो आणि काहीच जुळत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे कशाशी तरी जुळतं.

इथपर्यंत सोपं आहे, खरी गंमत पुढे आहे. अमेरिकन फोर्डच्या ब्लॉकवर समजा उठावाचं "सी५एई" असं काही दिसलं. सी म्हणजे साठचं दशक, ५ म्हणजे १९६५, ए म्हणजे मोठ्या आकाराची गाडी आणि ई म्हणजे इंजिन विभाग. लगेच वाटतं, झालं, गाडी १९६५ ची! नाही. १९६५ हे त्या पार्टच्या डिझाइनचं वर्ष आहे. तोच साचा पुढे काही वर्षं चालतो आणि १९६७ च्या गाडीतही सी५ दिसू शकतो. त्या ब्लॉकचा जन्म कधीचा हे सांगणारा कास्टिंग डेट कोड वेगळा असतो, आणि तोही उठावाचाच असतो, म्हणून तर माणूस फसतो.

जनरल मोटर्सच्या ब्लॉकवर हा डेट कोड बहुतेक मागच्या बाजूला बेलहाउसिंगजवळ (गिअरबॉक्स जोडतात त्या भागाजवळ) सापडतो, उदाहरणार्थ "सी १४ ५". इथला सी म्हणजे मार्च (ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं धरत जायचं), १४ तारीख, आणि ५ हा वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. म्हणजे १९५५, १९६५ की १९७५ हे तो कोड सांगतच नाही, ते कास्टिंग नंबरवरून ठरवायचं. पुढे इंजिन जुळवल्यावर पुढच्या बाजूच्या सपाट पॅडवर वेगळा कोड ठोकतात, "टी०३२२" आणि पुढे अक्षरं, म्हणजे टोनावांडा कारखान्यात २२ मार्चला जोडलेलं, आणि यात वर्षच नाही. एकाच ब्लॉकवर तीन नंबर, तिघांचा अर्थ वेगळा, आणि अजून गाडीचा नंबर आलेलाच नाही! म्हणून सांगते, नंबर वाचायच्या आधी तो कसला नंबर आहे ते ठरवा. वहीत प्रत्येक नंबरापुढे "उठाव" की "ठोकलेला" हे लिहा, कुठे सापडला ते लिहा, मगच अर्थ शोधायला बसा. कंटाळवाणं आहे पण यात शॉर्टकट नाही.

इंजिन नंबर आणि चॅसी नंबर यांचं नातंही प्रत्येक कंपनीत वेगळं आहे. फोर्ड मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या आसपास बनल्या, पण त्यातल्या बहुतेकांच्या फ्रेमवर (गाडीच्या सांगाड्यावर) नंबरच नव्हता, इंजिनच्या डाव्या बाजूला पाण्याच्या इनलेटच्या वर ठोकलेला नंबर हाच गाडीचा नंबर. म्हणजे इंजिन बदललं की कागदोपत्री ओळखच बदलली. नंतरच्या मॉडेल ए मध्ये तोच नंबर फ्रेमच्या डाव्या रेलवरही ठोकलाय, पण तो बॉडीखाली दडलेला, बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाही. मालक म्हणतो "फ्रेमला नंबर नाहीये", आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं, त्याला कधी दिसलेलाच नसतो. अशा वेळी लगेच संशय घेऊ नका.

आता वर्ष म्हणजे कुठलं वर्ष, हा दुसरा घोळ. गाडी बनली ते वर्ष, कंपनीचं मॉडेल इयर (कंपनी त्या मॉडेलला लावते ते वर्ष), आणि पहिल्यांदा रजिस्टर झाली ते वर्ष ही तीन वेगळी असू शकतात. फोक्सवॅगन बीटलचा चॅसी नंबर मागच्या सीटखाली बोगद्यावर (फरशीच्या मधोमध उंच आलेल्या भागावर) ठोकलेला असतो, आणि १९६५ मॉडेलपासून पहिले दोन आकडे प्रकार सांगतात, तिसरा मॉडेल इयर. म्हणजे ११८ ने सुरू होणारा नंबर १९६८ मॉडेलची सेदान. पण फोक्सवॅगनचं मॉडेल इयर ऑगस्टमध्ये सुरू व्हायचं, त्यामुळे ही गाडी सप्टेंबर १९६७ मध्ये बनलेली असू शकते, आणि शोरूममध्ये पडून राहून कागदावर १९६९ लागलेलं असू शकतं. तिघंही खरं बोलतायत. ट्रायम्फ आणि बीएसए मोटरसायकलींचं तर अजून तिरकं आहे. १९६९ मॉडेलपासून त्यांच्या नंबरापुढे दोन अक्षरं येतात, पहिलं महिन्याचं, दुसरं मॉडेल इयरचं. "एनसी" मध्ये एन म्हणजे ऑक्टोबर आणि सी म्हणजे १९६९, पण मॉडेल इयर ऑगस्टपासून धरलेलं असल्यामुळे ही गाडी ऑक्टोबर १९६८ ची, १९६९ ची नाही. यादी नीट न वाचता ऑक्टोबर १९६९ लिहिलेले रिपोर्ट मी बघितलेत, अनुभवी लोकांचेसुद्धा.

१७ अंकी व्हीआयएनबद्दल (गाडीच्या ठरावीक पद्धतीच्या ओळख क्रमांकाबद्दल) थोडक्यातच, कारण ती पद्धत अमेरिकेत १९८१ पासून सक्तीची झाली, व्हिंटेजला तिचा फारसा उपयोग नाही. तिच्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं मुद्दाम वगळली आहेत, १ आणि ० शी घोळ नको म्हणून. जुन्या नंबरांत मात्र ही अक्षरं असू शकतात आणि कारकुनांनी कागदावर उतरवताना ओ चा शून्य, आठाचा तीन, एस चा पाच असं भरपूर केलंय. त्यामुळे कागद आणि गाडी एका अक्षराने जुळत नसेल तर घाबरू नका, आधी धातूवर काय आहे ते पुन्हा वाचा. आणि माझं ठाम मत आहे, ऑनलाइन डिकोडरमध्ये जुना नंबर टाकून उत्तर घेऊ नका. ते १७ अंकांसाठी बनवलेले असतात, त्यात १९५० ची गाडी टाकली की एकतर एरर येतो नाहीतर आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर येतं, आणि नवीन माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान हे दुसरंच करतं.

मग वय काढायचं कसं? नंबरासोबत पार्ट्सच्या तारखा गोळा करायच्या. ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या डायनमोवर, डिस्ट्रिब्युटरवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, "११ ६२" म्हणजे नोव्हेंबर १९६२. कार्ब्युरेटरची टॅग, सीटबेल्टचं लेबल, काचेवरचे कोड, काय मिळेल ते. नियम एकच लक्षात ठेवा, गाडी तिच्या सगळ्यात उशिराच्या मूळ पार्टपेक्षा जुनी असू शकत नाही. पार्ट आधी बनतो, मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाडी जुळते. सात पार्ट १९६२ च्या उत्तरार्धाचे आणि एक डायनमो १९६६ चा असेल तर डायनमो बदललाय, बास. पण सगळे पार्ट १९६६ चे आणि नंबर १९६२ चा असेल तर मात्र थांबा. टायरवरून तर काहीच ठरवू नका, टायर फक्त स्वतःचं वय सांगतो.

नंबर साफ करताना ग्राइंडर, ड्रिलला लावलेला वायर ब्रश, जाड सँडपेपर, यातलं काहीही नंबरला लावायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही! रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं ठेवा, थोडं थांबा, प्लॅस्टिकच्या पट्टीने माती खरवडा, रंग असेल तर पेंट रिमूव्हर लावा. मग वरून प्रकाश न टाकता टॉर्च अगदी बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा, ठोकलेल्या अंकांच्या कडांना सावली पडते आणि नुसत्या डोळ्याला न दिसणारा आकडा उभा राहतो. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवून छाप घ्या. फोटोपेक्षा ही छाप जास्त खरी, कारण तिच्यात अंकांचा खरा आकार आणि अंतर येतं.

त्याच वेळी आजूबाजूचा धातू बघा. कारखान्यात मशीनने सपाट केलेल्या पॅडवर बारीक समांतर रेघा राहिलेल्या असतात. त्या रेघा फक्त नंबराच्या जागी गायब असतील, किंवा तिथे धातू किंचित खोलगट लागत असेल, किंवा वेल्डिंगचा उंचवटा घासून बसवलेला वाटत असेल तर कोणीतरी नंबर उडवून नवीन ठोकलाय. पण नुसते अंक वाकडे आहेत म्हणून बनावट म्हणू नका, कारखान्यातही माणसं हातानेच ठोकायची आणि एखादा अंक तिरका जायचाच. अंकांची घडण बघा, म्हणजे ३ चं डोकं गोल की सपाट, ४ उघडा की बंद, आणि त्याच काळातल्या खात्रीच्या गाडीशी ताडून बघा. आणि मालक कितीही म्हणाला की "अंक पुसट झालेत, जरा गडद करून द्या", तरी हात लावायचा नाही. चॅसी नंबरात फेरफार हा बऱ्याच देशांत गुन्हा आहे आणि त्यात तुम्हीही अडकता.

कंपनीने गाडीवर लावलेल्या माहितीच्या प्लेटवर (रजिस्ट्रेशनची नंबरप्लेट नव्हे) तर एकटीवर कधीच विश्वास नको. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या डॅशवरच्या प्लेटवर डिलिव्हरीची तारीख असते आणि तशाच नवीन प्लेटा सर्रास विकत मिळतात. त्यामुळे जीप बघताना प्लेट शेवटी वाचायची. आधी रेडिएटरच्या खाली पुढचा क्रॉसमेंबर (फ्रेमचा आडवा दांडा) बघा, गोल नळीचा असेल तर विलीज कंपनीच्या एमबी जीपची फ्रेम, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्डच्या जीपीडब्ल्यू जीपची. फोर्डने आपल्या पार्टवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा एफ ठोकलाय. एमबीचा नंबर फ्रेमच्या आत रिव्हेट केलेल्या छोट्या प्लेटवर असतो, जीपीडब्ल्यूचा थेट फ्रेमवर ठोकलेला. एमबीची फ्रेम, जीपीडब्ल्यूची बॉडी आणि तिसरंच इंजिन, अशा जीप खूप आहेत, कारण सैन्याच्या वर्कशॉपमध्ये जे हाताशी आलं ते बसवलं गेलं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त रिपोर्टमध्ये तसं लिहायचं.

कोणाकडून शिकायचं? मला स्वतःला असे गुरू आवडत नाहीत जे लांबून हेडलाइट बघून वर्ष सांगतात. कधी कधी ते बरोबर येतात आणि तेच वाईट, कारण तुम्हाला वाटायला लागतं की हे असंच करायचं असतं. "थांब, खाली जाऊन बघू" म्हणणारा माणूस शोधा, तो भले कमी बोलो. एकाच मेकचे, म्हणजे एकाच कंपनीच्या गाड्यांचे, क्लब असतात, त्यांच्याकडे वर्षानुवर्षं नंबर जमवणारे लोक असतात, त्यांना नीट छाप आणि फोटो पाठवले तर ते मनापासून मदत करतात, अर्धवट माहिती पाठवली तर करत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही.

कारखान्याच्या नोंदी मिळत असतील तर त्या शेवटची पायरी म्हणून घ्याच. एमजी, ऑस्टिन, मॉरिससारख्या ब्रिटिश गाड्यांच्या बिल्ड रेकॉर्डवरून इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडून सर्टिफिकेट मिळतं, त्यात मूळ इंजिन नंबर, रंग, कारखान्यातून निघाल्याची तारीख येते. बऱ्याच ब्रिटिश मोटरसायकलींच्या डिस्पॅच नोंदी तिथल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे आहेत. पण लक्षात घ्या, सर्टिफिकेट त्या नंबराचं असतं, तुमच्यासमोर उभ्या असलेल्या लोखंडाचं नसतं. तो नंबर या फ्रेमवर मूळचाच आहे का हे तुम्हालाच खाली वाकून ठरवायचंय.

आणि कधी कधी वर्ष नक्की ठरतच नाही. सुरुवातीला याचं फार दडपण येतं, मालक समोर उभा असतो, त्याला एक आकडा हवा असतो. लंडन ते ब्रायटन रनमध्ये (इंग्लंडमधली अगदी जुन्या गाड्यांची फेरी) १ जानेवारी १९०५ च्या आधी बनलेल्याच गाड्या घेतात, म्हणजे १९०४ की १९०५ यावर सगळं अवलंबून असतं, तरीसुद्धा पुरावा नसेल तर १९०४ लिहायचं नाही. "चॅसी नंबरावरून १९०४ ते १९०५, इंजिन नंतरचं, गिअरबॉक्सवर नंबर सापडला नाही" असं लिहा, खाली छाप जोडा, प्रत्येक नंबर कुठून घेतला ते लिहा आणि सही करा. मालक नाराज झाला तर होऊ दे, पुढे कधी बॉडी उतरवली आणि फ्रेमवर नवीन काही सापडलं तर तोच रिपोर्ट घेऊन तो परत येतो आणि काम तिथून पुढे सुरू होतं.