पोकळ क्लिपा ट्रिममध्ये मोल्ड करताना: पहिल्या शॉटआधी काय काय बघायचं

मोल्डमधल्या पिनांवर आधी पोकळ क्लिपा लावायच्या आणि मग त्यांच्या बुडाभोवती वितळलेलं प्लास्टिक मारून (एकदा मारणं म्हणजे एक शॉट) ट्रिम, म्हणजे पॅनेलवर क्लिपांनी बसणारा प्लास्टिकचा दर्शनी भाग, बनवायचा, त्या कामाची ही तयारी. भोसरी-चाकणकडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, तेव्हा शुक्रवारच्या पहिल्या शिफ्टची तयारी बुधवारीच सुरू करा. नायलॉनच्या क्लिपांची पिशवी उघडी ठेवून घरी जाऊ नका. पावसाळ्यात नायलॉन ओलावा ओढतं, क्लिप किंचित फुगते आणि गरम मटेरियल भोवती आलं की बुडबुडे धरतात. पिशवी उघडी राहिलीच, तर क्लिपा ८० अंशांवर ४ तास सुकवा आणि गार झाल्यावरच मापं घ्या.

क्लिप कशाची आहे, हे लेबलवर वाचा. पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीन) ट्रिमला नायलॉनही चिकटत नाही, पीओएमही (अ‍ॅसिटल प्लास्टिक) नाही. पकड येते ती फक्त बुडाच्या आकारातून, म्हणजे बुडाच्या चकतीला भोकं किंवा खाच हवीच. गुळगुळीत बुडाचा लॉट मशीनपर्यंत येऊच देऊ नका. शिवाय पीपी २०० ते २४० अंशांवर मारतात आणि पीओएम साधारण १६५ ते १७५ च्या आसपासच वितळतं. त्यामुळे गेटसमोर (मटेरियल मोल्डमध्ये शिरतं ते तोंड) पीओएमची पातळ भिंत टिकत नाही.

आता पोकळी. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. मोल्डमध्ये काहीशे बारचा दाब येतो आणि आतून आधार नसेल तर क्लिप चेपते. मोल्डमधली पिन, क्लिपचा जेवढा भाग ट्रिममध्ये गाडला जाणार तेवढ्या पूर्ण खोलीपर्यंत गेली पाहिजे. दोन मिलिमीटर आखूड पडली, तर बरोबर तिथेच भिंत आत दुमडते. तोंडाची कड मोल्डच्या फेसवर सलग टेकायला हवी, ०.०३ मिमीपेक्षा जास्त फट राहिली की पीपी आत शिरतो आणि मग ती क्लिप पॅनेलमध्ये दबत नाही. क्लिप पिनवर हाताने सरकावी, पण उलटी धरल्यावर स्वतःहून पडू नये. फार घट्ट असेल तर इजेक्शनच्या वेळी (पार्ट मोल्डमधून बाहेर ढकलताना) ती ट्रिममधून उपटून पिनवरच राहते. क्लिपच्या बुडावर बारीक कॅव्हिटी नंबर (ती कोणत्या साच्यात बनली तो आकडा) असतो. प्रत्येक नंबरची निदान एक क्लिप पिनवर लावून बघा, कारण एकाच पिशवीत सैल आणि घट्ट दोन्ही निघतात.

क्लिप नसताना शॉट बसू नये म्हणून सेन्सर चालू आहे ना, ते एक जागा मुद्दाम रिकामी ठेवून तपासा. तरीही पिनवर मटेरियल बसलंच, तर ते पितळी पट्टीने काढा. स्क्रू-ड्रायव्हरने पिनला ओरखडा पडतो आणि पुढच्या क्लिपा अडकतात.

होल्ड प्रेशर (मोल्ड भरल्यावर धरून ठेवलेला दाब) कमी ठेवून सुरू करा आणि दर्शनी बाजूचा सिंक मार्क (आकसून पडलेला खळगा) जाईल एवढंच वाढवत न्या. पहिल्या काही पार्टमधली एकेक क्लिप हॅकसॉने उभी कापून भिंत आणि पोकळी बघा. बाकीचे पार्ट २४ तास ठेवा. पीपी आकसून क्लिपला आवळतो, म्हणून भोकाचा गो-नोगो गेज (एक टोक आत जायला हवं, दुसरं नको) आणि ड्रॉइंगप्रमाणे पुल टेस्ट (क्लिप ओढून पकड बघणं) त्यानंतरच घ्या.