काळा आजार पसरवणाऱ्या वाळूमाशीपासून घर कसे राखावे

डासांवरचे उपाय वाळूमाशीला लागू पडत नाहीत. टाक्या कोरड्या करा, डबकी बुजवा, गप्पी मासे सोडा, तरी ती घरात राहतेच, कारण ती पाण्यात अंडी घालत नाही. तिची अंडी गोठ्याच्या कडेला, भिंतीच्या पायथ्याशी, भेगांतल्या ओलसर शेणमातीत असतात. बिहारमधल्या सारण, सिवान, मुझफ्फरपूर अशा जिल्ह्यांत काळा आजार, म्हणजे लांबलेला ताप आणि प्लीहा वाढवणारा परजीवीचा रोग, वर्षानुवर्षे टिकला तो या माशीमुळे. तिथली कच्ची घरे डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे.

आधी माशी ओळखा. ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, म्हणजे डासापेक्षा कितीतरी लहान, मातकट रंगाची आणि अंगभर लव असलेली असते. बसल्यावरही तिचे पंख अंगाला चिकटत नाहीत, इंग्रजी ‘व्ही’सारखे उभे राहतात. पहाटे बॅटरी घेऊन गोठ्याच्या आणि घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यांच्या भिंती पाहा. काडीने हलकेच डिवचले की ती लांब उडत नाही, टुणकन उडी मारून जवळच बसते. गुणगुण अजिबात नाही, त्यामुळे ती आल्याचे झोपलेल्या माणसाला कळतच नाही.

आता तिचे रक्त पिणे. नर चावत नाही. मादीही एरवी झाडांच्या गोड रसावर जगते; रक्त तिला लागते ते अंडी तयार होण्यासाठी. डासासारखी सोंड ती रक्तवाहिनीत खुपसत नाही. करवतीसारख्या दातेरी मुखांगांनी त्वचा कापते आणि तिथे साचलेले रक्त पिते. ते रक्त रोग्याचे असेल तर ‘लीशमॅनिया डोनोव्हानी’ हा परजीवी तिच्या पोटात जातो, काही दिवसांत वाढतो आणि चिकट द्रव सोडून तिची अन्ननलिका तुंबवतो. तुंबलेल्या माशीला धड पिता येत नाही. ती पुन्हा पुन्हा चावा घेते आणि दर वेळी अडकलेले परजीवी जखमेत ओकते. एका खोलीत दाटीने झोपणाऱ्या कुटुंबात एकामागून एक माणसे आजारी पडण्यामागे ही भुकेली माशीही असते.

भिंतींपासून सुरुवात करा. जमिनीपासून सहा फुटांपर्यंतची प्रत्येक भेग आणि बीळ माती-चुन्याने बुजवा. ही माशी दुबळी उडते आणि बहुधा याच उंचीत वावरते. गुरे झोपायच्या खोलीपासून जमेल तितकी दूर बांधा आणि गोठ्यातले शेण रोज काढा. गाई-म्हशींना काळा आजार होत नाही, पण त्यांच्या रक्तावर माशीची पैदास होते.

फवारणीचे पथक वर्षातून साधारण दोनदा येते. पूर्वी डीडीटी मारत, पण माशी त्याला दाद देईनाशी झाली, तेव्हापासून सिंथेटिक पायरेथ्रॉइड हे दुसरे कीटकनाशक वापरतात. सामान भिंतीपासून ओढून मधे घ्या, धान्य आणि पाणी झाका. बऱ्याच घरांत देवघर आणि स्वयंपाकघर फवारू देत नाहीत. माझी कळकळीची विनंती आहे, या दोन खोल्या सोडू नका. माशीला लपायला तेवढी जागा पुरते. देव आणि भांडी बाहेर काढा, पण भिंत फवारून घ्या. नंतर निदान दोन-तीन महिने त्यावर शेणाने सारवू नका, चुनाही देऊ नका, नाहीतर औषध खाली दडपले जाते.

जमिनीवर झोपू नका, बाज घ्या. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ही माशी आत शिरते, म्हणून बारीक विणीची घ्या. तरीही फक्त मच्छरदाणीवर विसंबून राहू नका. पंखा असेल तर लावा, वाऱ्यापुढे तिला उडता येत नाही.

विदर्भातही ही कामे उपयोगी आहेत. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली सापडलेला विषाणू वाळूमाशीच पसरवते. तो आजार मात्र काही तासांत बळावतो, म्हणून मुलाला ताप येऊन झटके आले तर लगेच मोठे रुग्णालय गाठा.

काळा आजार सावकाश चढतो. ताप दोन आठवड्यांहून जास्त राहिला, पोटात डावीकडे प्लीहा वाढली, वजन उतरले, तर आरके ३९ ही रक्ताच्या एका थेंबाची तपासणी करून घ्या. पूर्वी हा आजार झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण बरे झाल्यावरही ही तपासणी बरीच वर्षे होकारार्थी येते. मुंबई-पुण्यात कामाला आलेल्या बिहारच्या माणसाने आपले गाव आधी सांगावे. चाव्यानंतर लक्षणे दिसायला कित्येक महिने लागू शकतात.

बरे झालेल्या काहींच्या अंगावर पुढे महिन्या-वर्षांनी फिकट चट्टे किंवा गाठी उठतात, बहुधा चेहऱ्यावर आधी. खाज नाही, दुखत नाही, ताप नाही, म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यांत बहुधा बधिरपणा असतो, यांत स्पर्श कळतो. पण याच त्वचेत परजीवी जिवंत असतो आणि वाळूमाशी त्वचाच कापून पिते. भारतात या आजाराचा परजीवी माणसातच टिकून राहत असल्याने असा एक चट्टेवाला माणूस गावात पुन्हा साथ सुरू करू शकतो. त्याला सरकारी रुग्णालयात न्या. मिल्टेफोसिनच्या कॅप्सूल बारा आठवडे घ्याव्या लागतात, चट्टे फिके पडले तरी मधे सोडायच्या नाहीत. गरोदर बाईला त्या चालत नाहीत. गर्भ राहण्याची शक्यता असेल तर कॅप्सूल सुरू करण्याआधीच डॉक्टरांना तसे सांगा.